माटुंग्याचा बुडबुडा, नाशिकचा नाला

नाशिकच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून निघालेली नंदिनी सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहतींच्या अंगाने शहरात शिरते आणि आगरटाकळीला गोदावरीत मिसळते. जुने नाशिककर तिला नासर्डी म्हणतात. समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली ती याच संगमावर. तिथून पुढे गोदावरी निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी अडते. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ ते. सातपूरच्या एखाद्या शेडमधून जे सुटतं ते आधी तीर्थात जातं आणि मग पक्ष्यांच्या पाण्यात.

गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल 2012 साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, उपाय सुचवायला सांगितलं. त्यानंतर शहरात बोलणं झालं ते मुख्यतः मैलापाण्याचं: तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांची क्षमता किती आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, किती. ते योग्यच होतं, कारण नदीत येणाऱ्या घाणीचा मोठा वाटा घराघरातलाच आहे. कारखान्याचं पाणी त्या मानाने थोडं असतं. पण ते मैलापाण्याच्या केंद्रात आलं तर तिथल्या जिवाणूंना खाता येत नाही, आणि कधी कधी ते जिवाणूच मारून टाकतं. अशा पाण्याचं करायचं काय, या प्रश्नावर महाराष्ट्रात सर्वांत चिकाटीने काम केलं ते नाशिकपासून जेमतेम 170 किलोमीटरवरच्या माटुंग्यातल्या एका संस्थेने. तिची वाटचाल सांगायची तर सुरुवात रंगांपासून करावी लागते, पाण्यापासून नाही.

1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. यूडीसीटी या आद्याक्षरांनीच तो ओळखला गेला. मुंबईत तेव्हा गिरण्यांचं राज्य होतं, त्यामुळे वस्त्ररसायन हा विषय पहिल्यापासून होता. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर. 1938 साली त्यांच्या जागी आले कृष्णस्वामी वेंकटरामन, पहिले भारतीय संचालक आणि रंगरसायनातलं जगन्मान्य नाव. 1943 साली विभाग माटुंग्याच्या आजच्या आवारात आला. वेंकटरामन यांच्या कृत्रिम रंगांवरच्या ग्रंथाचे पहिले खंड 1952 साली निघाले आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर जाऊन बसले. 1957 साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

या काळात रंगरसायनज्ञाचं कौशल्य कशावरून जोखलं जायचं? रंग उन्हात विटता कामा नये, साबणाने उतरता कामा नये, घामाने ओघळता कामा नये. म्हणजे सूर्यप्रकाश, अल्कली, आम्ल, हवेतला प्राणवायू या सगळ्यांना पुरून उरणारा रेणू घडवायचा. असा रेणू जिवाणूलाही पुरून उरतो. कापडावर न चढलेला रंग रंगाईच्या हौदातून नाल्यात जातो आणि तिथेही तितकाच पक्का राहतो. औषधांच्या मध्यवर्ती रसायनांचं, कीटकनाशकांचं, फिनॉलचं तेच. ज्या संस्थेने रंग पक्का कसा करायचा हे शिकवलं, तिलाच पन्नास-साठ वर्षांनी तो तोडायचा कसा हे शोधायला बसावं लागलं. मला यात उपरोधापेक्षा न्याय जास्त दिसतो.

तोडायला हत्यार हवं, आणि ते जुनंच होतं. हेन्री फेंटन या इंग्रज रसायनज्ञाने 1894 साली दाखवून दिलं की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लोहाचा क्षार घातला की टार्टारिक आम्लासारखं सेंद्रिय संयुग भराभर ऑक्सिडाइज होतं. असं का होतं, याचं उत्तर हाबर आणि वाइस यांनी 1934 साली मांडलं: पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्सिल मूलक (रॅडिकल) तयार होतो. माटुंग्याची संस्था तेव्हा एक वर्षाची होती आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. या मूलकाची ऑक्सिडेशनची ताकद सुमारे 2.8 व्होल्ट, ओझोनची 2.07 आणि क्लोरीनची 1.36. आयुष्य मात्र सेकंदाच्या अब्जांशांत मोजावं इतकं. त्यामुळे तो बाटलीत भरून ठेवता येत नाही, जिथे लागतो तिथेच जन्माला घालावा लागतो. 1987 साली विल्यम ग्लेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सगळ्या पद्धतींना ‘प्रगत ऑक्सिडेशन प्रक्रिया’ हे एकच नाव दिलं. कारखान्यांत तिला एओपी म्हणतात.

मूलक जन्माला घालायच्या वाटा अनेक, आणि प्रत्येकीची आपली रड. फेंटनला पाणी आम्लधर्मी, पीएच तीनच्या आसपास लागतं. नंतर चुना टाकून ते वर आणायचं, की लोहाचा गाळ बसतो, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून वेगळा पाठवायचा. अहमदाबादच्या वटवा वसाहतीत कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी केंद्राने फेंटन मोठ्या प्रमाणावर वापरलं, ते या गाळाची तयारी ठेवूनच. ओझोन जागेवर बनवावा लागतो आणि वीज खातो. अतिनील दिवे स्वच्छ पाण्यात उत्तम, पण रंगाचं पाणी काळं असेल तर प्रकाश दोन बोटंही आत जात नाही. त्यातून पाण्यात बायकार्बोनेट, क्लोराइड असले की ते मूलकाला वाटेतच गाठतात, आणि ज्याच्यासाठी खर्च केला तो रेणू तसाच राहतो.

माटुंग्याने जी वाट धरली ती वेगळी होती, आणि ती प्रदूषणाच्या विचारातून निघालीच नव्हती. संस्थेच्या रासायनिक अभियांत्रिकी शाखेत मनमोहन शर्मा यांनी वायू आणि द्रव एकमेकांत कसे मिसळतात याचा अभ्यास रुजवला होता. शर्मा 1990 साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी; मराठी वाचकांना ते मराठी विज्ञान परिषदेमुळेही ठाऊक आहेत. जोशींचे विद्यार्थी अनिरुद्ध पंडित, आणि पंडितांचे पराग गोगटे. चार पिढ्यांची ही सलग शिष्यपरंपरा, आणि चौघांच्याही कामात कुठे ना कुठे बुडबुडा आहे. पंडित पीएच.डी.नंतर केंब्रिजला जॉन डेव्हिडसन यांच्याकडे होते. खवळलेल्या द्रवात बुडबुडा फुटतो कसा, पातळ द्रवपटल फाटतं कसं, हे तिथले विषय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते माटुंग्याला परतले.

बुडबुड्याच्या फुटण्याची अभियंत्यांना फार पूर्वीपासून दहशत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाच्या वेगवान जहाजांचे पंखे जोर हरवू लागले, त्यांच्या धातूवर खड्डे पडू लागले. पंख्यामागे पाण्याचा दाब इतका उतरायचा की पाणी थंडच असताना तिथे वाफेचे बुडबुडे उठायचे, आणि दाब पुन्हा चढला की ते मिटायचे. लॉर्ड रॅले यांनी 1917 साली या मिटण्याचं गणित मांडलं. मिटताना बुडबुड्याच्या पोटात क्षणभर हजारो अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब तयार होतो. भोवतालचं पाणी मात्र हात घालण्याइतकं कोमट. पंप बनवणारा जो प्रकार टाळण्यासाठी जिवाचं रान करतो, तो मुद्दाम घडवून आणला तर? त्या तापमानाला पाण्याचा रेणू फुटतो आणि बाहेरून एकही रसायन न घालता हायड्रॉक्सिल मूलक मिळतो.

हे ध्वनिलहरींनी घडवून आणता येतं हे जगाला माहीत होतं. पण अल्ट्रासाउंडची उपकरणं प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रापुरती. हजार लिटरच्या टाकीला ती परवडत नाहीत. पंडित आणि जोशी यांनी साधा पंप घेतला, पाइपात भोकं पाडलेली चकती बसवली आणि त्यातून द्रव फिरवला. अरुंद भोकात वेग वाढतो, दाब पडतो, बुडबुडे उठतात. चकतीपलीकडे दाब सावरतो, बुडबुडे फुटतात. 1993 साली त्यांनी या पद्धतीने तेलाचं जलविघटन वेगाने होतं हे दाखवलं. विषय साबण आणि मेदाम्लांच्या उद्योगाचा होता, नाल्याचा नव्हता. पुढच्या वर्षी त्याच तत्त्वाने यीस्टच्या पेशी फोडून दाखवल्या. 1996 साली पंडित आणि विजयानंद मोहोळकर यांनी अमेरिकेतल्या एका अभियांत्रिकी नियतकालिकात उघड आवाहनच केलं: या शक्तीला जुंपा. पेशी फुटतात तर पाण्यातले जंतूही फुटायला हवेत, म्हणून 2001च्या सुमारास कूपनलिकेच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणाचे प्रयोग आले. 2002 साली ऱ्होडामाइन-बी हा गुलाबी रंग अनेक भोकांच्या चकत्यांतून फिरवून तोडण्याचं काम प्रसिद्ध झालं. तेल, यीस्ट, जंतू, मग रंग. अनुदानासाठी लिहिलेल्या प्रस्तावात हा क्रम कोणी असा मांडला नसता. एका उपकरणाशी दहा वर्षं खेळत राहिलेल्या माणसांना तो सापडला, आणि माझ्या मते ही संस्थेच्या वाटचालीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

2004 साली गोगटे आणि पंडित यांचा दोन भागांतला आढावा आला. पहिल्या भागात सामान्य तापमानाला चालणाऱ्या ऑक्सिडेशनच्या पद्धती, दुसऱ्यात त्यांच्या जोड्या. जगभर या विषयात शिरणारा विद्यार्थी आजही त्या दोन लेखांच्या दारातून जातो. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक प्रामाणिक भूमिका आहे: एकटी कुठलीच पद्धत पुरत नाही. बुडबुड्यांबरोबर थोडा ओझोन, थोडं पेरॉक्साइड, किंवा लोह, असं जोडीने चालवलं तर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त काम होतं. पुढे भोकाच्या चकतीऐवजी व्हेंचुरी, म्हणजे मधे अरुंद होत जाणारी नळी, आली, तीही गोल तोंडाची आणि चपट्या फटीची अशी दोन प्रकारची. ऑरेंज-जी रंगावरच्या 2013 सालच्या प्रयोगांत चपटी फट सरस ठरली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे, विनय भंडारी आणि सहकाऱ्यांनी भोकच काढून टाकलं आणि पाण्याला भोवऱ्यात फिरवून बुडबुडे उठवले, म्हणजे गाळाने तुंबणं नको आणि धातूची झीज नको. वेंकटरामन ज्या दोन संस्थांचे संचालक होते त्या दोन्ही आता एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी भिडत होत्या.

दरम्यान यूडीसीटीची रूपं बदलत गेली. 2002 साली स्वायत्तता, 2008 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा आणि इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी हे नाव, 2018 साली भुवनेश्वर आणि जालना इथली नवी आवारं, 2019 साली कुलगुरुपदी स्वतः पंडित. नाव आयसीटी झालं तरी जुने विद्यार्थी यूडीसीटीच म्हणतात.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने 2012 सालचं एक काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी ‘नीरी’ आणि आयसीटीच्या संशोधकांनी मिळून मद्यार्क कारखान्याच्या पाण्यावर, म्हणजे स्पेंटवॉशवर, या पद्धतीचा प्रयोग केला. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश मागे उरतो. तपकिरी, उग्र वासाचा, लिटरमागे लाखभर मिलिग्रॅमच्या घरातला सीओडी, म्हणजे सगळी घाण रसायनाने ऑक्सिडाइज करायला लागणारा प्राणवायू. त्याचा रंग मेलॅनॉइडिनचा, आणि तो जिवाणूंना जात नाही. द्राक्षांचा जिल्हा म्हणून नाशिकची ख्याती असली तरी निफाड-दिंडोरी पट्ट्यात ऊस आणि मद्यार्कही आहेत, आणि विहिरीचं पाणी तांबूस झाल्याची तक्रार डिस्टिलरी असलेल्या कुठल्याही तालुक्यात नवी नाही. या प्रयोगात संशोधकांनी सगळा सीओडी जाळून टाकण्याचा हट्ट धरलाच नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच: बुडबुड्यांतून काढल्यावर हे पाणी जिवाणूंना जास्त पचतं का? बीओडी आणि सीओडी यांचं गुणोत्तर वाढलं. पचायला लागलं, बायोगॅसही जास्त मिळाला.

प्रगत ऑक्सिडेशनचा खरा उपयोग इथे कळतो. सुपारी आख्खी चावायची नसते, अडकित्त्याने कातरायची असते. चघळण्याचं काम दातांचंच. मोठा, गुंतागुंतीचा रेणू मूलकाने दोन-चार ठिकाणी कातरून द्यावा आणि उरलेलं जिवाणूंवर सोपवावं, कारण जिवाणू जवळजवळ फुकटात काम करतात. शेवटच्या कणापर्यंत ऑक्सिडेशनच करायचं म्हटलं तर विजेचं बिल कारखाना बंद पाडेल. समजा, साडेसात किलोवॅटचा पंप हजार लिटर पाणी दोन तास फिरवतो. 15 युनिट झाले. दिवसाला दोन हजार लिटर विषारी पाणी काढणाऱ्या औषध कंपनीला हे किरकोळ आहे. दिवसाला पाच लाख लिटर काढणाऱ्या रंगाईघराला ते अशक्य आहे. पहिल्याने यंत्र घ्यावं. दुसऱ्याने आधी आपल्या पाण्यातला सर्वांत वाईट दहावा हिस्सा वेगळा काढावा आणि तेवढाच यंत्रातून न्यावा.

आता सातपूर-अंबडकडे परत येऊ. नाशिकचे कारखाने माटुंग्याच्या प्रयोगशाळेतल्या गुलाबी रंगापेक्षा वेगळं पाणी काढतात. इथे वाहनांचे सुटे भाग, विद्युत उपकरणं आणि त्यांच्यासाठी जॉबवर्क करणारी प्लेटिंगची छोटी युनिट्स आहेत: झिंक, निकेल, क्रोम. प्लेटिंगच्या पाण्यात दोन विषं ठळक, सायनाइड आणि षट्‌संयुजी क्रोमियम. सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडताना सायनाइड लिटरला 0.2 मिलिग्रॅम आणि षट्‌संयुजी क्रोमियम 0.1 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. सायनाइडला ऑक्सिडेशन हवंच असतं. पीएच दहाच्या वर ठेवून हायपोक्लोराइडने, नाहीतर पेरॉक्साइड किंवा ओझोनने ते आधी सायनेट होतं, मग कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. क्रोमियमचं बरोबर उलट. ते आधीच टोकाचं ऑक्सिडाइज झालेलं असतं. त्याला पीएच दोन-तीनवर मेटाबायसल्फाइट घालून खाली उतरवायचं, पिवळं पाणी हिरवं होतं, मग चुन्याने ते गाळात बसवायचं. त्या हिरव्या पाण्यावर अल्कधर्मी अवस्थेत पेरॉक्साइड किंवा ओझोन सोडला तर ते पुन्हा पिवळं होऊ शकतं. बसवलेलं विष आपल्याच पैशाने पुन्हा जिवंत करायचं, असा तो प्रकार.

म्हणून ‘प्रगत ऑक्सिडेशन’ अशी पाटी लावलेली पेटी कोणी प्लेटरला विकायला आला, तर प्लेटरने पहिल्यांदा विचारावं: माझ्या कुठल्या नळाला? बऱ्याच छोट्या युनिटांत सायनाइडच्या हौदाचं धुवण आणि क्रोमच्या हौदाचं धुवण एकाच गटारात मिळतं. क्रोमचं पाणी आम्लधर्मी असतं. सायनाइडमध्ये आम्ल मिसळलं की हायड्रोजन सायनाइडचा वायू सुटतो, म्हणजे नदीच्याही आधी धोका शेडमधल्या कामगाराला आहे. अशा ठिकाणी पहिली खरेदी रिअॅक्टरची नाही; दोन स्वतंत्र पाइप आणि दोन टाक्या, एवढीच आहे. त्याला संशोधन लागत नाही, प्लंबर लागतो.

नाशिकमध्ये बुडबुड्याला खरी जागा आहे ती दुसरीकडे. यंत्रशाळांमधलं खराब झालेलं कूलंट हे त्यातलं एक. तेल, पाणी, साबणासारखी पायसकारकं आणि कूलंट सडू नये म्हणून मुद्दाम घातलेली जंतुनाशकं यांचं ते दुधट मिश्रण. जंतू मरावेत म्हणून बनवलेलं पाणी जंतूंकडे सोपवून कसं चालेल? आधी आम्ल किंवा तुरटीसारखा क्षार घालून तेल फोडून वेगळं काढायचं, आणि उरलेल्या पाण्यावर फेंटन किंवा बुडबुडे. औषध कंपन्यांचं, प्रयोगशाळांचं आणि रंगकामाच्या बूथचं पाणी दुसरं. सगळीकडे आकारमान कमी आणि विषारीपणा जास्त, म्हणजे वरच्या 15 युनिटांच्या हिशेबात बसणारं.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा 1969 सालीच केला, केंद्राच्या 1974च्या कायद्याच्या आधी. प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 साली आलं. कायदा जुना आहे, तंत्रही आता तीस वर्षांचं झालं आहे. अडतं ते दरापाशी. प्लेटिंगचं जॉबवर्क किलोवर नाहीतर नगावर ठरतं. त्या दरात निकेल असतं, मजुरी असते, भाडं असतं. पाणी शुद्ध करण्याचा खर्च प्लेटरने आपल्या नफ्यातून काढायचा असतो, आणि शेजारचा प्लेटर तो काढत नसेल तर ऑर्डर शेजारी जाते. हा दर ठरवणारी खरेदीची माणसं सातपूर-अंबडच्याच मोठ्या कंपन्यांत बसतात. प्लेटिंगचा थर किती मायक्रॉनचा आणि सॉल्ट स्प्रेच्या चाचणीत भाग किती तास टिकला, हे ती माणसं कागदावर मागतात. त्याच कागदावर ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, स्वतंत्र वीजमीटरचं महिन्याचं वाचन आणि गाळ उचलल्याची पावती मागायला त्यांना कुठल्याच नव्या कायद्याची गरज नाही.